इंजिन काही बंद पडलं नाही

गाडी शिकायला येणाऱ्या बायकांच्या दोन जाती. एक क्लच सोडायला घाबरणारी आणि दुसरी क्लच नावाची वस्तू गाडीत आहे हेच विसरणारी. पुरुषांची मात्र एकच जात. 'येते हो मला, फक्त लायसन्स काढायचंय' असं म्हणून बसतात आणि तडक गटारात जातात. म्हणून मी पुरुष घेतच नव्हते. ऐंशीचं दशक संपता संपता भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून, आमची बिल्डिंग नवी उभी राहिली. तिच्या जिन्यापाशी मी पाटी लावली होती: 'मोटार ड्रायव्हिंग शिकवले जाईल. फक्त महिला.' दुसऱ्याच दिवशी त्याखाली कुणीतरी खडूने लिहिलं, 'देव तारी.' ते अक्षर आमच्या यांचं होतं, असा माझा संशय अजून कायम आहे.

हे म्हणजे माझे यजमान, वसंतराव. मुंबईत एका मोटार वर्कशॉपमध्ये फिटर होते. परळच्या एका खोलीतून आम्ही इकडे आलो ते स्वतःची मोरी आणि स्वतःचा संडास या दोन स्वप्नांपायी. दोन्ही मिळालं. फक्त त्यात सोडायला पाणी मिळालं नाही. नळ लहर लागेल तेव्हा यायचा आणि विहिरीचं पाणी इतकं मचूळ की चहात साखर घालायची की मीठ काढायचं ते कळायचं नाही.

माझा त्या काळातला एक फोटो आहे. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात रेशमी रुमाल, आणि हातांत, भर मे महिन्यात, पांढरे सुती मोजे. गाडीच्या दाराला टेकून अशी उभी आहे की जणू गाडीचा शोध मीच लावला. नातवंडं तो फोटो पाहून अजून लोळतात. सून एकदा फार नम्रपणे म्हणाली, "आई, तुम्ही ट्रॅफिक हवालदार होतात का?" त्या बाईला मी रस्त्यात भेटले असते तर मीही वळून हसले असते.

गाडी मात्र हसण्यासारखी नव्हती. गोल दिव्यांची, जुनी, पेट्रोलवरची, आमच्या हाती येईपर्यंत बरेच संसार पाहिलेली. यांनी तिचं इंजिन पूर्ण उघडून, पुसून, पुन्हा बसवलं होतं. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी पान उलटू नये, मी स्वयंपाकघरातलंच सांगतेय. चूल पेटायला लाकूड लागतं आणि हवा लागते. धग वाढवायची असेल तर आपण फुंकणी घेतो. हल्लीच्या गाड्यांच्या इंजिनाला अशी एक फुंकणी असते, तिला टर्बो म्हणतात. ती बाहेरची हवा दाबून आत कोंबते, म्हणून एवढंसं इंजिन पैलवानासारखं धावतं. आमच्या इंजिनाला फुंकणी नव्हती. पिस्टन खाली गेला की जेवढी हवा आपसूक आत येईल तेवढी घ्यायची, तेवढ्यावर पेट्रोल जाळायचं आणि तेवढाच जोर लावायचा. अंथरूण पाहून पाय पसरणारं इंजिन. वरसाव्याच्या पुलाकडे चढताना तिला दम लागायचा, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे, पण ती थांबायची नाही. बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतंच मुळी. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिघांतलं कोण रुसलंय एवढं ओळखायचं आणि समजूत काढायची.

आणि शिकाऊ बाई इंजिनाचे जे हाल करते ते मोजदादीपलीकडचे असतात. ती झटका देऊन बंद पाडते, चालू करते, परत बंद पाडते. चढावर मागे सोडते. थांबलेल्या गाडीत पायाखाली काहीतरी आहे म्हणून ॲक्सिलरेटर दाबून धरते. तळमजल्यावरच्या मंजुळाबेन पहिल्या दिवशी शाळेच्या भिंतीपर्यंत पोहोचायच्या आत इतक्या वेळा बंद पडल्या की शेवटी त्यांनी स्टिअरिंगला हात जोडले. मी म्हटलं, "किल्ली फिरवा." फिरवली. झालं चालू. मंजुळाबेनच्या डोळ्यांत पाणी. "शालूबेन, ये तो मेरे मिस्टर से भी अच्छी है. कितना भी सताओ, मुँह नहीं फुलाती!"

हे वाक्य मी पुढे सगळ्यांना ऐकवायचे. माझं आवडतं वाक्य मात्र दुसरं होतं: "माझं इंजिन बंद पडत नाही." सोसायटीच्या मीटिंगला, हळदीकुंकवाला, भाजीवाल्यापाशी, विषय कुठलाही असो. या वाक्याचा आता मला जो कंटाळा येतो तो सांगून सरणार नाही.

हिराबाई आली ती भाजीची पाटी डोक्यावर घेऊन. खाडीकडच्या राई गावची, माझ्यापेक्षा थोडी लहान, नवरा वारलेला. घरात सासू आणि दीर. दिराकडे भाजीचा टेम्पो होता आणि तो त्याच्या मर्जीने निघायचा. त्याची मर्जी जागी होईपर्यंत हिराबाईचा माठ आणि पालक माना टाकायचे.

"बाय, मना शिकवशील?" तिने पाटी खाली ठेवत विचारलं.

"काय, गाडी?"

"मंग काय भरतकाम?"

मला ती तिथेच आवडली. आम्ही राई-मोर्व्याच्या रस्त्याला जायचो. एका बाजूला मिठागरं, एका बाजूला भाताची शेतं, मध्ये चिटपाखरू नाही. शिकाऊ माणसाला याहून चांगली शाळा नाही. मी गिअरबॉक्सवर व्याख्यान द्यायला लागले की ती जांभई द्यायची. पण हात पक्का होता. पहिल्याच आठवड्यात कधीतरी तिने गाडी सारखी सारखी बंद पाडली आणि मग किल्लीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"ही रागावत न्हाय गो?"

"नाही."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

"मंग माझ्या सासूपरास बरी हाय," ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

ती परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. दिराने टेम्पोची किल्ली काही तिच्या हातात दिली नाही. लायसन्स तिने देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकामागे ठेवलं. "तिथं तरी चालंल," म्हणाली.

आता गाडीचं काय झालं ते. भाईंदरची हवा म्हणजे लोणच्याची बरणी. चारी बाजूंनी मिठागरं. वारा सुटला की ओठ चाटले तरी खारट. इंजिनाला आतून तेल असतं, ते टिकतं. पत्रा बिचारा उघडा. आधी दाराच्या कडा गेल्या, मग मडगार्डं, आणि मग एके दिवशी स्मिता नावाच्या नव्या नवरीने ब्रेकवर पाय दाबला तेव्हा ती फार शांतपणे म्हणाली, "मॅडम, मला रस्ता दिसतोय."

"दिसायलाच पाहिजे. समोर बघा."

"समोर नाही. खाली."

तिची चप्पल मागे रस्त्यावर पडली होती. ठाण्याला आरटीओच्या तपासणीला गाडी नेली तेव्हा साहेबांनी दारावर बोट टेकवलं, ते आत गेलं. साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी आभाळाकडे. गाडी तिथेच बाद झाली. घरी येताना तिने एकदाही कुरकुर केली नाही, हे मला जास्त लागलं.

भंगारवाला आला. यांनी त्याला पत्रा दिला, चाकं दिली, सीटा दिल्या, आणि इंजिन काढून ठेवलं. "शाले, माणूस मेल्याशिवाय कुणी जाळतं का?" हे एवढंच म्हणाले. मग पार्किंगच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली, ते लोखंडी पाटावर मांडून ठेवलेलं असायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते डोळ्यांत सलायचं. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू लावायचो आणि एका डब्यातून पेट्रोल देऊन चालू करायचो. पार्किंगभर धूर. सेक्रेटरी खोकत बाहेर यायचे आणि मी गॉगल लावून सांगायची, "बघा, बंद पडत नाही."

मी नवी गाडी घेतली नाही. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुठल्या इंजिनावर माझा जीव बसणार नव्हता. तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. राईच्या रस्त्याला मातीचे डंपर दिसायला लागले होते. मिठागरं, शेतं, नाले, जे खोलगट दिसेल त्यात भराव. त्यावर पत्र्याची कुंपणं आणि कुंपणांवर रंगवलेले स्विमिंग पूल.

पिठोरी अमावस्येचं उधाण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई दारात उभी. पाटी नाही, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"बाय, इंजिन देशील?"

तिला बसवलं, चहा दिला, मग तिने सांगितलं. तिचं शेत खाडीच्या काठचं. अशा खारजमिनीला चारी बाजूंनी मातीचा बांध घालून समुद्राचं पाणी अडवतात. बांधाला एक लाकडी दार असतं, उघाडी म्हणतात त्याला. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर जातं, भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटतं. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललेलं. रात्रीच्या उधाणाने बांध फुटला होता. गावाने पहाटेच तो माती आणि पेंढा घालून बुजवला, दीर स्वतः छातीभर पाण्यात उभा होता. पण खारं पाणी आत शिरलं ते शिरलं. उघाडी उघडली तरी उतरेना. भात पोटरीत आलेलं.

"मिठाचं पानी चार-दोन दिस सोसतंय भात. त्याच्या म्होरं न्हाय. भाड्याचं पंप समदं गेलंत, आमच्याकडंच न्हाय, सगल्या गावात पानी हाय." तिने कप खाली ठेवला. "दिराशी माझं बोलनं झालंय. यंदा पीक आलं तर ठेवायची जमीन. न्हाय आलं तर बिल्डरला अंगठा देयाचा. म्या कबूल केलंय, बाय. देवाम्होरं."

यांनी आतून सगळं ऐकलं होतं. ते पान्हे गोळा करायला लागले होते.

इंजिन राईला नेलं कसं ते सांगायलाच हवं, कारण या सगळ्या गोष्टीत आनंदाची अशी तेवढीच एक जागा आहे. दीर, जनार्दन त्याचं नाव, टेम्पो घेऊन आला. पण रात्रभर पाण्यात राहून त्याचे हात इतके आखडले होते की त्याला गिअर टाकता येईना. तो उतरला. किल्ली वहिनीपुढे धरली. हिराबाई चढली, पदर खोचला, आणि आमचं इंजिन मागे घेऊन खारीपासून राईपर्यंत टेम्पो असा घेऊन गेली की मी मागे इंजिनाला धरून बसले होते ते विसरून टाळ्या वाजवणार होते. एकदाही बंद पाडला नाही. गावात शिरताना तिने हॉर्न दिला. गरज नव्हती.

यांनी बांधावर फळ्या टाकून इंजिन बसवलं. गावात इंजिनाविना पडून असलेला एक पंप त्याला पट्ट्याने जोडला. ॲक्सिलरेटरची तार एका स्क्रूला बांधून टाकली म्हणजे वेग एकसारखा राहील. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं. थंड ठेवायला मोठं पिंप. पण त्यात मचूळ पाणी चालणार नव्हतं, आतून खाल्लं असतं. म्हणून प्यायचं पाणी. हिराबाई टँकरवरून हंडे आणून त्या पिंपात ओतायची आणि सासू ओट्यावरून ओरडायची, "आमाला घोटभर न्हाय आन् ह्या भवानीला हंडं हंडं!"

पंपाने पहिली धार बांधापलीकडच्या नाल्यात टाकली तेव्हा सगळ्या गावाने आरोळी दिली. मनगटाएवढी नाही, चांगली मांडीएवढी धार. नाला खाडीला जायचा. जनार्दन बांधावर उकिडवा बसून पाहत होता. मी गॉगल घालून आले होते. हो, शेतावर. त्याच्यापाशी गेले आणि म्हटलं, "जनार्दनभाऊ, हे इंजिन बंद पडणार नाही. शब्द आहे माझा."

"चालूदे," तो म्हणाला.

आणि ते चाललं. अमावस्या गेली, गणपती आले. मी रोज डबा घेऊन जायची, हे रजा टाकून तिथेच होते. यांनी एक वेताची काठी पाण्यात रोवली होती. ओहोटीला पाणी काठीवर जरा उतरायचं, आम्ही एकमेकांना दाखवायचो. भरतीला पुन्हा वर. मग सगळे म्हणायचे बुजवलेला बांध पाझरतोय, आणखी माती. हे म्हणायचे वेग थोडा वाढवू; स्क्रू आणखी पिळला. रॉकेलचे डबे संपायचे, जनार्दन कुठून तरी आणायचा. सगळ्यांचे कान त्या आवाजावर. जेवताना, माती टाकताना, देवळात आरतीला, टक-टक-टक-टक ऐकू येतंय ना? येतंय. मग ठीक आहे. म्हातारीसुद्धा सवयीने म्हणायला लागली, "बोलतंय का ते?" भाताचे शेंडे पिवळे पडत होते, ते आम्ही उन्हाचे आहेत असं ठरवलं होतं.

गौरी आल्या. हिराबाईकडे तेरड्याची गौर. तेरडा म्हणजे बांधावर उगवणारं गुलाबी फुलांचं साधं झाड. ते मुळासकट आणायचं, त्याला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, जुन्या खणाचा तुकडा, आणि तिसऱ्या दिवशी नाला खाडीला मिळतो तिथे पाण्यात सोडायचं. यंदा त्या वाटेवर पत्र्याचं कुंपण होतं. आत डंपर. पलीकडची जमीन दुसऱ्या मालकाची, त्याने आधीच विकलेली. हिराबाईने थोडा वेळ कुंपणाकडे पाहिलं आणि मागे फिरली. पंपाची धार नाल्यात पडत होती तिथे तिने गौर सोडली.

"आपल्या पान्यानं जाईल," म्हणाली. "सरल खाडीला."

धारेने तेरडा उचलला, एक गिरकी दिली आणि वळणाआड नेला. मी हात जोडले. इंजिन छान चालत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर हिराबाई शेतात, मांड्यांपर्यंत पाण्यात, पाठमोरी उभी होती. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे सहसा कुणी जात नसे. मी हाक मारली. ती वळली तेव्हा तिच्या हातात तेरडा होता. फुलं गळलेली, बांगडी तशीच, खणाचा तुकडा तसाच.

"बाय," ती म्हणाली, "गौर परत आली."

मला काही कळलं नाही. यांना कळलं. हे हातातला पाना ठेवून नाल्याच्या कडेकडेने चालत निघाले, मी मागे. वळणापलीकडे नाला नव्हता. भरावाची लाल माती होती, दोन पुरुष उंचीची. आमचं पाणी त्या मातीच्या पायाशी येऊन थांबत होतं, पसरत होतं, आणि खारफुटीच्या आडून वळून शेताच्या मागच्या कोपऱ्याला लागत होतं. तिथला बांध खेकड्यांनी पोखरून चाळण केलेला. त्या भोकांतून पाणी बिनआवाजाचं आत येत होतं. जेवढं पंप फेकत होता तेवढंच. अमावस्येपासून आम्ही एकच पाणी फिरवत होतो. हिराबाईच्या शेतातून बाहेर आणि हिराबाईच्या शेतात आत. प्यायच्या पाण्याचे हंडे ओतून.

ते इंजिन एकदा तरी बंद पडायला हवं होतं. भाड्याचं एखादं रडकं असतं, दिवसातून दोनदा रुसणारं, तर कुणीतरी वैतागून बांधावरून चालत गेलं असतं, पाणी कुठे जातंय ते बघितलं असतं. निदान रॉकेल संपायला हवं होतं. आम्हाला मान वर करायला एकही कारण त्याने दिलं नाही. ज्या गुणासाठी मी त्याची आरती ओवाळत होते त्या गुणाने आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर झापडं बांधली. आणि माझ्या डोळ्यांवर तर गॉगलही होता.

परत आलो तेव्हा जनार्दन बांधावर बसला होता. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही. बायकांनी तोंडात पदर धरले होते. मला वाटत होतं तो काहीतरी बोलेल, जमीन विकायची त्याचीच तर इच्छा. त्याने हात पुढे केले. माती उपसून नखं उलटलेली.

"म्या बी हाच बांध घातला ना गो वैनी," तो म्हणाला. "म्या बी न्हाय बघितलं."

हिराबाईने तेरडा बांधावर ठेवला. "बंद कर, बाय," मला म्हणाली.

मी ठिणगीची तार काढली. तापलेलं पेट्रोल-इंजिन बंद केल्यावरही कधी कधी आपल्या मनाने दोन-चार ठोके जास्त देतं. आतला कोळसा लाल असतो, तेवढ्यावर. त्यानेही दिले. मग थांबलं. आणि मग पहिल्यांदाच आम्हाला डंपर ऐकू आले. ते रोजच येत असणार.

मागचा कोपरा बुजवता आला असता, असं नंतर पुष्कळ जणांनी सांगितलं. पण भात कुजलं होतं, आणि नाला उरला नव्हता तिथे पुढच्या पावसाचं पाणी कुठे जाणार? हिराबाईने शब्द पाळला. अंगठा नाही, तिने सही केली. लायसन्ससाठी मीच तिला शिकवली होती. इंजिन आणायला हे दोनदा निघाले आणि दोनदा मी नको म्हटलं. नंतर गेलो तेव्हा बांध कुठला आणि शेत कुठलं ते ओळखू येईना. कुणी म्हणालं भंगारवाल्याने नेलं, कुणी म्हणालं मातीखालीच आहे. शेवटच्या आजारपणात यांना विषय हवा असला की हे म्हणायचे, "शाले, अजून उकरलं ना, तर दोन हँडलात चालू होईल." मी हो म्हणायची. होईलही.

आता मी मुलाकडे राहते, राईच्या रस्त्याला. यात योगायोग वगैरे काही नाही. आमच्याकडे नवी इमारत म्हणजे कुणाचं तरी शेत किंवा मिठागर असायचंच. नातवाची गाडी टर्बोवाली आहे, फुंकणीचं इंजिन. ती तळघरात लावतात. पावसाळ्यात तळघरात पाणी येतं आणि कोपऱ्यात विजेचा पंप सारखा चालू असतो. मी एकदा वॉचमनला विचारलं, "पाणी कुठे जातं रे हे?"

"बाहर, आजी."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बस, बाहर. आप टेन्शन मत लो. मोटर एकदम फर्स्ट क्लास है. कभी बंद नहीं पड़ती."

मी लिफ्टने वर आले.

गेल्या गौरींना स्टेशनजवळच्या बाजारात गेले. हिराबाई तिथे बसते, पश्चिमेला. भाजी दुसऱ्याची आणलेली असते. गौरींच्या दिवसांत तेरडा ठेवते, तोही आता लांबून, वसईकडून येतो. केस सगळे पांढरे झालेत. मला बघून ती सरकते, गोणपाटावर जागा करते, आणि आम्ही दोघी थोडा वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला बघत बसतो. मी एक जुडी उचलली.

"तुज्याकडं तर उभ्याची गौर, मुखवट्याची," ती म्हणाली. "तेरडा कशाला?"

"असंच. आमच्या बिल्डिंगचा पंप आहे ना, त्याच्या पाण्यात एक सोडून बघायचं आहे. कुठे जातो ते."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने जुडी माझ्या हातातून काढून घेतली, पाणी शिंपडलं, आणि परत पाटीत ठेवली.

"नको सोडू, बाय," ती म्हणाली. "गौर परत आली तर आता ठेवशील कुठं?"